हलगी वाजणार नाही

त्या दिवशी सकाळी माझ्या पोह्यांवर बहिष्कार पडला.

पोह्यांचा टोप दोन्ही हातांनी सावरत मी गिरणीच्या ओट्यावर आलो, तर पोरं ताटल्या पालथ्या घालून बसलेली. एरवी फोडणीचा वास आला की ज्यांना आवरायला मला झारा उगारावा लागे, ती सगळी हाताची घडी घालून गप्प. एवढं शहाणपण मी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं.

"काय रे, कुणाचं पोट बिघडलं?"

बेबी पोवार उठून उभी राहिली. अकरा वर्षांची पोर, दोन वेण्या लाल रिबिनीनं वर बांधलेल्या, आणि उभं राहण्याची ऐट अशी की मागं हजारांचा मोर्चा असावा.

"पोट कुणाचं बिघडलं न्हाई, सदामामा. संप हाय."

"कशाचा संप?"

तिनं मूठ वर केली. "रविवारी हलगी..."

"वाजणार नाही!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली.

"हार आणि तुरे..."

"चालणार नाही!"

पिंपळावरचे कावळे उडाले. मी टोप खाली ठेवला आणि द्वारकाकाकींना बोलवायला पळालो.

आमचं घर म्हणजे गडहिंग्लजच्या पुढची एक बंद पडलेली भाताची गिरण. मालकानं ती समितीला वापरायला दिली होती. समिती काकींची. चळवळीतल्या माणसांना सरकार आत टाकतं, किंवा इतक्या खटल्यांत अडकवतं की ती घरी असून नसल्यासारखीच होतात. कुणी धरणाच्या यंत्रापुढं आडवं पडलेलं, कुणी ऊसतोडणीच्या माणसांची बाजू घेऊन कारखान्याशी भांडलेलं. त्यांच्या पोरांना कुणी पकडत नाही, पण शाळेत पालकाची सही कुणी करायची? सख्खा चुलतासुद्धा ‘आमच्या मागं लचांड नको’ म्हणून दार लावून घेतो. अशा पोरांसाठी काकींनी हे घर चालवायला घेतलं होतं. मी तिथला कार्यवाह. कार्यवाह म्हणजे सकाळी पोहे, दुपारी आमटी, मधल्या वेळात सदऱ्यांची बटणं, डोक्यातल्या उवा आणि हेडमास्तरांशी भांडण.

काकींचं सगळं आयुष्य संप करण्यात गेलेलं. विडीवाल्या बाया, सफाई कामगार, हातमागवाले. काकी नुसत्या खाकरल्या तरी नगरपालिकेत खुर्च्या सरकत. त्यांच्याच घरात संप झाला हे त्यांना कसं सांगावं, हाच मला प्रश्न होता.

त्या तुळशीला पाणी घालत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

"संप? आपल्या पोरांनी?" त्यांचे डोळे असे चमकले की मला काळजी वाटली. "घोषणा यमकात आहेत का?"

"काकी, पोहे गार होतायत."

"होऊ देत रे. पोहे रोजचेच आहेत."

ओट्यापाशी येऊन त्यांनी संपाची पाहणी केली. नव्या सुनेची पहिली भाकरी उलटसुलट करून बघावी तशी.

"बसलायत चुकीचं," त्या म्हणाल्या. "ओट्यावर बसलात तर मालक बाजूनं निसटतो. दार अडवायचं असतं."

पोरं तात्काळ उठली आणि दारात जाऊन बसली. मी पोह्यांसकट बाहेर राहिलो. माझी चूल आत.

"काकी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

"मालकाच्या. या जन्मात पहिल्यांदाच," काकी म्हणाल्या आणि पदर खोचून पोरांसमोर फरशीवर बसल्या. "बोला. मागणी काय?"

"एकच हाय," बेबी म्हणाली. "रविवारचा सत्कार रद्द करा."

आता मात्र काकींचं हसू मावळलं. सत्कार गोजराक्काचा होता, आणि तो रद्द करणं म्हणजे घरचं लग्न रद्द करण्यासारखं होतं.

गोजराक्का म्हणजे आमच्या धरणग्रस्तांचा प्राण. नवरा वारल्यावर शेळ्या राखून पोट भरणारी बाई, पण पाणी चढायला लागलं तेव्हा मोजणीवाल्यांच्या जीपपुढं आडवी झाली ती उठलीच नाही. एका खटल्यात जामीन झाला की दुसरा तयार असे. तिचा मुलगा शिरपा चार वर्षांचा असताना आमच्याकडं आला, तो आता सहाचा झाला होता. रविवारी ती सुटून येणार म्हणून पंचक्रोशीत निरोप गेले होते. मांडव सांगितला होता, हलगीवाले ठरले होते, हार घालायला मुंबईहून भाई निगडे येणार होते. भाईंचं भाषण म्हणजे पळीपंचपात्र सोडून सगळं त्यात असे.

आणि शिरपा? आई येणार हे कळल्यापासून शिरप्याचं काही खरं नव्हतं. जेवणात लक्ष नाही, खेळात लक्ष नाही. भात ओतायची एक मोठी लाकडी पेटी गिरणीत पडून होती, तिच्यात जाऊन बसायचा आणि जीभ टाळूला लावून ‘टुर्रर्र’ असा काहीतरी आवाज काढायचा. तो आवाज तो पहिल्यापासूनच काढत असे, पण आता दिवसभर. धड जमायचाही नाही, थुंकीच उडायची. मी म्हटलं, पोराला आनंदाचं भरतं आलंय, दुसरं काय!

"अरे, शिरप्याची आई येतेय," काकी पोरांना म्हणाल्या. "तिनं काय सोसलंय ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तिचं स्वागत नको? का?"

"कारन सांगनार न्हाई."

"बरं, हलगी हळू वाजवू."

"न्हाई."

"भाईंचं भाषण अर्ध्यावर आणू."

इथं पोरांत जरा चलबिचल झाली. भाईंचं भाषण अर्ध्यावर येणं ही काही लहान गोष्ट नव्हती. पण बेबीनं मागं वळून नुसतं बघितलं आणि रांग पुन्हा ताठ झाली.

"तडजोड न्हाई."

काकी उठल्या आणि मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "बापावर गेलीय अगदी. जयसिंग पोवार असाच. कारखान्याच्या दारात तीन महिने बसला होता." ही तक्रार होती की कौतुक, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

दुपारपर्यंत पोरं उपाशी. माझा जीव राहीना. चूल आत अडकली होती, म्हणून अंगणात तीन दगड मांडले आणि कांदाभजी तळायला बसलो. वारा नेमका दाराकडं वाहत होता, त्यात माझा काही दोष नाही. पहिला घाणा निघाला तशा रांगेतल्या माना लांब झाल्या. सगळ्यात धाकटी कुसुम रांगत रांगत बाहेर आली, एक भजं तोंडात कोंबलं आणि तोंड पोळून तिथंच नाचायला लागली.

"फितूर! फितूर!" पोरं ओरडली.

"सदामामा," बेबी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फोडाफोडी करू नगा. तुमाला शोभत न्हाई."

काकी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत त्या पुन्हा पोरांसमोर बसल्या.

"बेबी, मी तुझ्या वयाची होते तेव्हापासून हेच करतेय. ऐक. मागणी सांगतात तसं कारणही सांगायचं असतं. नाहीतर मालक म्हणतो, ही माणसं नुसती आडमुठी आहेत, आणि लोकांना ते खरं वाटतं."

बेबीनं थोडा विचार केला. मग शिरप्याकडं वळली. "शिरपा, आडावर जा आनि समद्यास्नी पानी आन. कळशी नगं, तांब्यानं आन."

शिरपा तांब्या घेऊन गेला. तांब्यानं आणायचं म्हणजे खूप खेपा, हे माझ्या मग लक्षात आलं.

"त्येला आईचं त्वांड आठवत न्हाई," बेबी हळूच म्हणाली.

तेल नुसतं कढत होतं.

"आमाला सांगितलंय त्येनं. पेटीत बसून रडत हुता. म्हनतोय, जीपमधनं लई बाया उतरतील, समद्या हार घालून. त्यातली माजी कंची, हे मी कुनाला इचारू? इचारलं तर लोक हसतील, आनि आईला कळलं तर आईला काय वाटंल?"

"अगं, पण आम्ही सांगू की त्याला," मी म्हणालो.

"कवा सांगशीला? तुमी हार धरून हुबं असशीला." तिनं रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. "गेल्या साली आमचं आबा सुटलं तवा बी हलगी हुती. आबास्नी खांद्यावर घेतलं. मी म्होरं जाया बगत हुतो, तर एक जन म्हनला, पोरी, बाजूला हो, चेंगरशील. मग भाषनं झाली. आबांचं भाषन झालं. लई टाळ्या पडल्या. मी बी वाजिवल्या. बसल्या जागी झोपलो. सकाळी उटून बगतोय तर आबास्नी परत नेल्यालं. आबा समद्यांसंगं बोललं, काकी. माज्यासंगं ऱ्हायलं."

रडली नाही ती. उलट तिनंच काकींकडं असं पाहिलं की जणू आता या काकींचं कसं होणार!

काकी फरशीकडं बघत आपल्याशीच बोलावं तसं बोलल्या.

"माझा शेखर तेव्हा तुमच्याएवढाच होता. मी सुटून आले तर हार घेऊन रांगेत उभा. त्याची पाळी आली, मला हार घातला, झिंदाबाद म्हणाला, आणि मागच्या माणसाला जागा करून बाजूला झाला. मी वर्षभर लोकांना सांगत होते, बघा माझा मुलगा किती समजूतदार आहे." त्यांनी नाक ओढलं. "आता दोन मुलांचा बाप झालाय. अजून मला काकीच म्हणतो. तुम्ही सगळे म्हणता तसं."

शिरपा तांब्या सांभाळत, निम्मं पाणी पायावर सांडत आला. काकींनी तांब्या घेतला, वरून घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "मागणी मान्य. संप मागं घ्या."

"मालकाच्या शब्दावर संप मागं घ्यायचा न्हाई," बेबी म्हणाली. "तुमीच शिकिवलंय."

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"सत्कार करा. पर आदी शिरपा, मग लोकं. आनि दार आमी धरनार."

काकींनी हात पुढं केला. बेबीनं तो हातात घेतला. मी भजी उचलली, कारण आता दाराची आणि माझी गाठ पडायला हरकत नव्हती. मागचा घाणा जळून कोळसा झाला होता, तोही पोरांनी संपवला.

रविवारी सकाळपासून अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं भाकऱ्या बांधून आली होती. हलगीवाल्यांनी हलग्या शेकून कडक केल्या होत्या. भाई निगडे पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हातात झेंडूचा हार घेऊन सगळ्यांच्या पुढं.

जीप आली. गोजराक्का उतरली. वाळलेली, काळी, ठसठशीत बाई, कपाळावर मोठं कुंकवाचं बोट असावं अशी जागा मोकळी, हातात एक पिशवी. गर्दी उसळली. हलगीवाल्यानं काठी उचलली.

आणि काकींनी शिट्टी फुंकली.

गिरणीच्या दारातून आमची पोरं धावत बाहेर आली आणि जीपपासून दारापर्यंत हातात हात घालून दोन रांगांत उभी राहिली. मधे वाट. काकींनी गोजराक्काचा दंड धरून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिनं पिशवी छातीशी घट्ट धरली आणि त्या वाटेनं, कुणाकडं न बघता, आत गेली. मागं पोरं दार लावून दारात बसली. आता बसणं अगदी शास्त्रशुद्ध होतं.

"हे काय चाललंय?" भाई हार सावरत म्हणाले. "अरे, लोक खोळंबलेत! इतिहास कुणासाठी थांबत नसतो."

"थांबंल की," बेबी म्हणाली. "तवर चा घ्या."

मी मात्र आत होतो, बाहेरचं खिडकीतून दिसत होतं. मलाही बाहेर काढलं होतं, पण चुलीवर दोन पातेल्यांत सगळ्या गावजेवणाचा भात होता आणि तो लागला असता तर काकींनी मलाच शिजवलं असतं. म्हणून भिंतीकडं तोंड करून बसण्याच्या अटीवर मला राहू दिलं. भिंतीकडं तोंड करून भात ढवळता येत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गोजराक्का गिरणीच्या मधोमध उभी राहिली. शिरपा कुठंच नव्हता. पेटीच्या फटीतून मात्र एक डोळा दिसत होता.

ती पेटीजवळ गेली नाही. जिथं होती तिथंच खाली बसली.

"शिरपा," तिनं हाक मारली.

पेटी गप्प.

"मी आलोय रं."

पुष्कळ वेळानं आतून बारीक आवाज आला. "तू कशावरनं माजी आई?"

माझा झारा हातातच राहिला. वाटलं, आता ही बाई कोसळणार. जीपपुढं आडवी पडायला जेवढी छाती लागली नसेल तेवढी आता लागणार होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, मान हलवली.

"बरं इचारलंस. कुनाच्या बी मागं जायचं नसतंय. मग मी कसं पटवू तुला? तूच सांग."

"माजी आई शेळ्या बोलवायची."

गोजराक्कानं मान मागं टाकली, जीभ टाळूला लावली आणि असा एक लांबलचक, खणखणीत, डोंगर ओलांडून जाईल असा ‘टुर्रर्रर्र’ काढला की गिरणीचे पत्रे थरथरले. शेवटी आवाज वर नेऊन, करडाला बोलवावं तसं, "येऽऽ बाळ्या येऽऽ!"

बाहेरून भाईंचा आवाज ऐकू आला, "ही कसली घोषणा?"

"जुनी आहे," काकी म्हणाल्या. "मुंबईत नाही पोचली अजून."

आत पेटीचं झाकण उघडलं. शिरपा उडी मारून जो धावत सुटला, तो कळपातलं चुकलेलं करडू धावावं तसा, आणि सरळ तिच्या पोटात जाऊन आदळला. दोघंही पडली. मग मी खरंच भिंतीकडं तोंड केलं. माझं नाक वाहत होतं, आणि धूर काही इतका नव्हता.

नंतर दोघांचं काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. ऐकलं नाही म्हणून नव्हे. एवढंच सांगतो की ‘टुर्रर्र’ कसा काढायचा याची शिकवणी झाली, थुंकी न उडवता.

बाहेर लोकांचा चहा संपला, पुन्हा केला, तोही संपला. भाईंचा हार कोमेजला, तसा त्यांनी तो कुसुमच्या गळ्यात घातला आणि ओट्यावर बसून तिच्याशी सागरगोटे खेळायला लागले. हरतही होते.

शेवटी दार उघडलं. गोजराक्काचा हात धरून शिरपा बाहेर आला. दोघांच्या तोंडाला भात लागलेला. गर्दीकडं त्यानं एकदा नीट बघून घेतलं आणि आईचा हात काकींच्या हातात दिला.

"आता घ्या," तो म्हणाला. "पर दिवा लागायच्या आत परत आनून द्या."

आणि मग हलगी अशी वाजली की काय सांगू!

त्यानंतर आमच्या समितीत तो रिवाजच पडला. कुणीही सुटून येवो, आधी दार बंद, पोरं दारात, आणि बाकी सगळ्यांनी चहा प्यायचा. पुढं मी काकींच्या खुर्चीवर आलो, गिरण जाऊन पक्की इमारत झाली, तरी तो मोडला नाही. मोठमोठे पुढारी दाराबाहेर ताटकळले. काहींना राग आला, बहुतेकांना सागरगोटे येऊ लागले.

पण खरी कसोटी लागली ती त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर. बेबीचा आबा जयसिंग पोवार सुटून आला. सबंध कारखाना लोटला होता. पोरांनी वाट केली, तो आत गेला, त्याच्या मागून बेबी गेली, आणि शिरप्यानं दार लावून घेतलं.

आम्ही चहा प्यायलो. पुन्हा प्यायलो. ऊन उतरलं. हलगीवाल्यांनी हलग्या पुन्हा शेकल्या, पुन्हा त्या सैल पडल्या. माणसं कुजबुजायला लागली. भाई काकींकडं बघत होते, काकी दाराकडं. दार वाजवायची कुणाची छाती नव्हती, कारण दारात शिरपा बसला होता.

दिवे लागले तेव्हा दार किलकिलं झालं. बेबीनं नुसतं डोकं बाहेर काढलं. वेण्या सुटलेल्या, कुणीतरी नव्यानंच घालायला घेतलेल्या, एक झालेली आणि एक अर्धी. तिनं एवढ्या लोकांकडं पाहिलं, जरा अवघडली.

"तुमी जावा आता," ती म्हणाली. "भाषन उद्या."